टाचदुखी जाते आणि परत येते? आधी पायाची कमान नीट तपासा

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत कळ. भिंतीचा आधार घेत, चवड्यावर लंगडत बाथरूमपर्यंत जायचं. दहा-पंधरा पावलांत पाय मोकळा होतो, दिवस कसाबसा निघतो आणि रात्री स्वयंपाक आवरून बसलं की ठणका सुरू. मग गोळ्या, मलम, मिठाच्या गरम पाण्यात पाय. काही आठवड्यांनी बरं वाटतं. गणपतीची धावपळ आली, घरात लग्न निघालं, की तीच कळ त्याच जागी.

माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारी मंडळी बहुतेक वेळा निदान घरूनच करून येतात. "टाचेचं हाड वाढलंय" हे एक, आणि "माझे पाय फ्लॅट आहेत ना, म्हणून" हे दुसरं. दोन्ही खरं असू शकतं, तरीही दुखण्याचं कारण तिसरंच निघतं. एक्स-रेमध्ये दिसणारं ते टोकदार हाड कधीच टाच न दुखलेल्या पुष्कळ लोकांच्या पायातही सापडतं, आणि ते असलेल्यांची टाच बरी होते तेव्हा हाड जिथल्या तिथेच असतं. त्यामुळे हाड 'विरघळवणाऱ्या' तेला-काढ्यांवर खर्च करू नका.

फ्लॅट पायाची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. पाऊल सपाट दिसतंय की नाही, याला मी कमी महत्त्व देतो. ते हलतं आहे की ताठ झालंय, आणि गेल्या महिना-दोन महिन्यांत त्याच्यावरचं ओझं अचानक कुठे वाढलं, हे मला आधी हवं असतं. दुखणं परत परत येतं ते बहुधा या दोन प्रश्नांकडे कुणी बघितलेलं नसतं म्हणून.

दुखतं नेमकं काय

एका पावलात २६ हाडं असतात. ती सपाट मांडलेली नसून तीन कमानींमध्ये रचलेली असतात: आतल्या बाजूची उंच आणि लांब कमान, करंगळीच्या बाजूची बुटकी कमान, आणि चवड्याच्या मागे आडवी गेलेली तिसरी. बोलताना आपण 'कमान' म्हणतो ती आतली. तिच्या खालून टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा गेलेला असतो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. टाचेला तो जिथे चिकटतो, म्हणजे टाचेच्या खाली, थोडं पुढे आणि आतल्या बाजूला, तिथे अंगठ्याने दाबल्यावर "हां, इथेच!" असं होत असेल तर दुखणं बहुधा त्या पट्ट्याचं आहे.

हा पट्टा काम कसं करतो ते आत्ताच बघता येईल. खुर्चीत बसा, अनवाणी पाऊल जमिनीवर सपाट ठेवा आणि हाताने फक्त अंगठा वर उचला. कमान आपोआप वर येईल. अंगठा मागे वळला की पट्टा त्याच्या सांध्याभोवती, विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळावा तसा, ओढला जातो आणि टाच नि चवडा एकमेकांजवळ येतात. पावलाचा अभ्यास करणारे संशोधक जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये ही रचना मांडली. चालताना दर पावलाला टाच उचलली जाते तेव्हा हेच घडतं, आणि मऊ असलेलं पाऊल क्षणभर कडक होऊन शरीराला पुढे ढकलतं.

झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा रात्रभर सैल पडून राहतो. सकाळी पहिल्या पावलाला त्याच्यावर एकदम सगळं वजन येतं, म्हणून कळ पहिल्या पावलाला. जुन्या दुखण्यात या पट्ट्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर सुजेपेक्षा झीज आणि विसकटलेले धागे जास्त दिसतात. सुजेच्या गोळ्यांनी दुखणं दबतं पण मुळापासून जात नाही, त्याचं हे एक कारण. झिजलेल्या धाग्यांना हळूहळू वाढत जाणारं काम द्यावं लागतं, तेव्हा ते बळकट होतात.

तपासणी घरच्या घरी

पाऊल ओलं करा, जास्तीचं पाणी झटका आणि जुन्या वर्तमानपत्रावर नेहमीसारखं चालत एक पाऊल टाका. शहाबादी फरशी कोरडी असेल तर तीही चालेल, ठसा तिच्यावर ठळक उमटतो. टाच आणि चवडा यांना जोडणारी पट्टी बाहेरच्या बाजूने साधारण तळव्याच्या अर्ध्या रुंदीची असेल तर कमान मध्यम. पट्टी जवळजवळ सगळी भरलेली, आतल्या बाजूला खोलगट भाग दिसतच नाही, तर कमान खाली आहे. मधली पट्टी अगदी बारीक किंवा तुटलेली, म्हणजे टाच वेगळी आणि चवडा वेगळा उमटला, तर कमान उंच. दोन्ही पावलं तपासा. डावा-उजवा फरक ही सगळ्यात कामाची माहिती आहे आणि लोक एकच पाऊल तपासून थांबतात.

इथेच घाई होते. ठशात मांसही उमटतं. अंगाने भरलेल्या माणसाचा आणि लहान मुलाचा तळवा भरलेला दिसतो, हाडांची कमान आत शाबूत असते. दोन-तीन वर्षांच्या मुलाचे पाय सपाट दिसतात ते तळव्याच्या चरबीमुळे. कमान पुढे कित्येक वर्षं, साधारण दहाव्या वर्षापर्यंत, घडत राहते. मूल पळतंय, खेळतंय, पाय दुखतोय म्हणत नाही, तर त्याला कमान-आधाराचे महागडे बूट घेऊन देण्याची गरज नाही. १९९२ मध्ये राव आणि जोसेफ या अस्थिरोगतज्ज्ञांनी दक्षिण भारतातल्या ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांचे ठसे तपासले होते. पादत्राणं वापरणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के निघाले, अनवाणी वाढणाऱ्यांत २.८ टक्के. पुढून बंद बुटांच्या मुलांत प्रमाण सर्वांत जास्त, चपला-सँडलवाल्यांत त्याहून कमी. आपल्याकडे नर्सरीतच मुलाच्या पायात दिवसभर काळे बूट चढतात, हे वाचून शाळांनी थोडा विचार करायला हरकत नाही.

आता खरी तपासणी. पाठमोरे उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी मागून बघायला सांगा, नाही तर मोबाइल टेकवून व्हिडिओ घ्या. दोन्ही चवड्यांवर उभे राहा, टाचा जितक्या वर जातील तितक्या उचला. उभं असताना सपाट दिसणाऱ्या पावलात चवड्यावर गेल्यावर कमान उभी राहिली आणि टाच किंचित आत वळली, तर पाय सपाट पण लवचीक आहे. असे पाय अगणित लोकांचे असतात आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. कमान आलीच नाही, टाच जागची हलली नाही, तर पाऊल ताठ आहे. ते डॉक्टरांना दाखवायचं, विशेषतः दहा-बारा ते सोळा वर्षांच्या मुलाला घोट्याच्या आसपास दुखत असेल तर. दोन हाडं जन्मतः जोडलेली असणं हे त्याचं एक कारण असतं.

भरतीची तयारी करणारी पोरं याच मुद्द्यावर झोप उडवून घेतात, म्हणून सांगतो. लष्कराच्या वैद्यकीय निकषांतही हाच फरक धरलेला आहे: पाय सपाट दिसला तरी चवड्यावर उभं राहिल्यावर कमान परत येत असेल, चवड्यांवर उड्या मारता आणि धावता येत असेल, पाऊल लवचीक आणि बिनदुखतं असेल, तर उमेदवार चालतो. पोलीस आणि इतर भरतीच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या जाहिरातीत वाचा. काचेची बाटली तळव्याखाली तासन्‌तास फिरवून कमान 'काढून' देणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नका.

शेवटची चाचणी एका पायाची. भिंतीला दोन बोटं टेकवून एकाच पायाच्या चवड्यावर उठा, सावकाश खाली या, पुन्हा उठा. दोन्ही पायांनी साधारण सारख्या वेळा जमलं पाहिजे. एका पायाने एकदाही टाच उचलता येत नसेल, त्याच पायाची कमान गेल्या वर्षा-दोन वर्षांत खाली आली असेल, मागून बघताना त्या बाजूची बोटं बाहेर जास्त डोकावत असतील आणि आतल्या घोट्यामागे दुखत-सुजत असेल, तर प्रश्न टाचेच्या पट्ट्याचा नाही. कमानीला वर धरून ठेवणारा टिबियालिस पोस्टेरियर नावाचा स्नायूबंध कमजोर पडतो आहे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, वजन जास्त असलेल्या बायकांत हे बरंच आढळतं आणि "वय झालं, पाय पसरले" म्हणून सोडून दिलं जातं. वेळेत आधार आणि व्यायाम मिळाला तर ते थोपवता येतं. उशीर झाला तर शस्त्रक्रियेपर्यंत जातं. हाडवैद्यांकडे नको, अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

उंच कमानीबद्दल थोडक्यात. ती दिसायला सुबक असते, पण धक्का कमी पचवते, म्हणून टाच आणि चवडा दोन्हींवर भार येतो, घट्टे पडतात, घोटा वरचेवर मुरगळतो. घरात आई-वडिलांचीही तशीच असेल आणि वर्षानुवर्षं बदललेली नसेल तर ठीक. उंची वाढत चालली असेल, एकाच पायाची असेल, बोटं वाकडी होऊ लागली असतील, तर मज्जासंस्थेची तपासणी हवी.

मग आपली कमान कळली की बूट घ्यायचे का?

दुकानात मशीनवर उभं करून "सर, तुमची लो आर्च आहे, हा बूट घ्या" असं सांगणारे आता तालुक्याच्या गावीही भेटतात. अमेरिकी लष्कर, हवाई दल आणि मरीन या तिन्ही ठिकाणी हे आजमावून पाहिलं गेलं. प्रशिक्षणार्थींच्या एका गटाला कमानीच्या आकारानुसार बूट दिले, दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. बुटाची निवड पायाला आरामशीर वाटण्यावर करा. संध्याकाळी खरेदी करा, कारण दिवसअखेर पाऊल थोडं सुजलेलं असतं. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठाभर जागा हवी. बूट दोन्ही हातांनी वाकवून बघा: बोटांजवळ वाकला पाहिजे, मध्यावर कागदासारखा दुमडला तर ठेवून द्या. मागचा कप चिमटीत दाबल्यावर सहज चेपायला नको. बायकांनी पहिल्या बाळंतपणानंतर पावलाचं माप पुन्हा घ्यावं. कमान थोडी खाली येऊन पाऊल लांबतं आणि पुष्कळजणींचं ते तसंच राहतं, पण चपलेचा नंबर कॉलेजातलाच असतो.

त्यापेक्षा घरातली पायताणं आधी बघा. टाच दुखणाऱ्या व्यक्तीला मी रोजच्या वापरातली चप्पल घेऊन यायला सांगतो. एक शिक्षिका पिशवीतून निळ्या पट्ट्यांची रबरी स्लीपर काढून म्हणाल्या, "ही तर अजून चांगली आहे हो, डॉक्टर." वरून खरोखर चांगली होती. उलटी करून उजेडात धरली तर टाचेखालचा भाग पुढच्या भागाच्या निम्म्याहून कमी जाड उरलेला, आणि आत अंगठ्याने दाबलं तर दबलेला रबर परत वर येत नव्हता. शाळेत फळ्यापुढे उभं राहायला ही, आणि घरी आल्यावर ओट्यापुढे तीही नाही, थेट व्हिट्रीफाइड टाइल्सवर अनवाणी. टाचेखालची चरबीची गादी वयानुसार पातळ होत जाते. तिच्याखाली कडक फरशी आली की टाच हैराण होते. घरात चपला घालायच्या नाहीत हा आपला रिवाज मोडायला नको. बाहेर कधीही न नेलेली, दोन-तीन सेंटीमीटर जाड टाचेची वेगळी जोडी घरात ठेवा, आणि पलंगाशेजारी ठेवा, दारात नाही. सकाळचं पहिलं पाऊल तिच्यातच पडलं पाहिजे.

दुरुस्तीचा क्रम

पहिले दोन आठवडे भार कमी करायचा, बंद नाही. सकाळचं तासभर चालणं पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत विभागा, जिन्याच्या फेऱ्या कमी करा, ओट्यापुढे सलग उभं राहणं तोडा: भाजी बसून निवडा, पोळ्या लाटताना मध्ये दोन मिनिटं टेका. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटरचं चालणं अनेकांची टाच दुखवतं, कारण वर्षभर दुकानात बसलेला माणूस वारीत एकदम रोज पंधरा-वीस किलोमीटर चालतो. वारीला जायचं असेल तर चैत्रापासूनच अंतर वाढवत न्या.

पलंगावरून उतरण्याआधी ताण द्या. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा, हाताने सगळी बोटं, विशेषतः अंगठा, नडगीकडे मागे ओढा. तळव्यात पट्टा दोरीसारखा ताठ लागला पाहिजे. दहा सेकंद धरा, दहा वेळा करा. दिवसातून तीनदा, त्यातली पहिली वेळ पाय जमिनीला लागण्याआधीच. पोटऱ्याही आखडलेल्या असतात. भिंतीला हात टेकवून मागचा पाय सरळ, टाच टेकलेली, अर्धा मिनिट. हे दोन्ही ताण लोक देतात, दुखणं कमी होतं आणि तिथेच थांबतात. दुखणं परत येण्याची वाट इथूनच सुरू होते, कारण ताण देऊन पट्टा मोकळा झाला, बळकट झालेला नाही.

बळकटीसाठी जिन्याची एक पायरी आणि एक टॉवेल लागतो. टॉवेलची गुंडाळी करून पायरीच्या कडेवर ठेवा, बोटं त्याच्यावर म्हणजे वर वळलेली राहतील, टाच पायरीबाहेर. कठड्याला धरा. तीन सेकंदांत चवड्यावर वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. एका पायाने जमत नसेल तर सुरुवात दोन्ही पायांनी. बारा वेळांचे तीन फेर, एक दिवसाआड. सोपं वाटू लागलं की पाठीवर दप्तर घ्या, त्यात पुस्तकं भरा आणि संख्या बारावरून दहा, मग आठवर आणा. फेर वाढवा. डेन्मार्कमध्ये हाच व्यायाम तपासला गेला तेव्हा तीन महिन्यांनी नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा हे लोक पुढे होते, वर्षाअखेर दोन्ही गट जवळपास सारखे. म्हणजे घाई असणाऱ्याला याचा उपयोग जास्त. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली तर व्यायामात एक टप्पा मागे या.

पाय सपाट आणि लवचीक असेल तर हाच व्यायाम दोन टाचांमध्ये टेनिसचा चेंडू दाबून धरून करा, म्हणजे आतला आधार देणारा स्नायूही कामाला लागेल. सोबत बसल्या बसल्या, बोटं न मुडपता, चवड्याचं मूळ टाचेकडे ओढून कमान उचलायची. जमायला आठवडा जातो, पेटके येतात, तरी करा. कमान-आधाराची गादी सुरुवातीच्या काही महिन्यांसाठी बुटात घातली तर हरकत नाही. ती आधी तयार मिळणारीच घ्या. साचा काढून बनवलेली हजारो रुपयांची गादी आणि तयार गादी यांत वर्षाने फरक फारसा उरत नाही. उंच आणि ताठ कमानीला मात्र खालून टणक आधार टोचतो. तिथे मऊ, जाड तळ आणि पोटरीचा ताण यांवर भर द्या.

स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. पण वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याचा आणि टाचेची चरबी विरघळण्याचा धोका असतो. ते पहिला उपाय म्हणून नको, आणि घेतलंच तर लगेच दुसऱ्या दिवशी टेकडी चढायला नको.

हे टाचेच्या पट्ट्याचं नसेल तर

टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर जोरात दुखलं आणि चालताना दर पावलाला वाढतच गेलं, तर हाडात बारीक चीर असू शकते. तळव्यात मुंग्या, जळजळ, बधिरपणा असेल तर नस. तिशीच्या आतल्या मुलाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी पाठ-कंबरही ताठ असते, तर संधिवाताची तपासणी करा. रात्री झोपेत, पाय न टेकता दुखत असेल, तापासोबत असेल, तर घरगुती उपाय थांबवा.

मधुमेह असलेल्यांसाठी नियम वेगळे आहेत. अनवाणी चालू नये, गरम पाण्यात पाय बुडवू नयेत. बधिर पायाला चटका कळत नाही. तळव्याची जाणीव वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या, रोज रात्री आरसा धरून तळवा बघा आणि डॉक्टर सांगतील तर एमसीआरच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या, चपला वापरा. मधुमेहात एक पाय अचानक गरम, लाल, सुजलेला झाला आणि त्या मानाने दुखत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आत हाडं मोडत असू शकतात आणि त्यावर चालत राहिलं तर कमान कायमची कोसळते.

परत आलंच तर

बहुतेक टाचा वर्षभरात बऱ्या होतात, पण बऱ्या झाल्यावर आठवड्यातून दोनदा पायरीवरचा व्यायाम चालू ठेवा. कळ परत आली तर आधी गेल्या तीन आठवड्यांची उजळणी करा: नवी चप्पल, नवी ड्यूटी, वाढलेलं चालणं, वाढलेलं वजन, गावी जाऊन आठ दिवस शेणाने सारवलेल्या जमिनीऐवजी कोब्यावर वावरणं. जे सापडेल ते निम्मं करा, सकाळचा ताण पुन्हा सुरू करा, पायरीवर दप्तराशिवाय बारा वेळांवर या. दोन आठवड्यांत उतार पडला तर पुढे वाढवत न्या. नाही पडला तर वर्तमानपत्रावरचा आताचा ठसा आणि जुना ठसा शेजारी ठेवा. एका पायाचा ठसा भरत चालला असेल, तर दोन्ही कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा.